या हातांनी बाळंतपण

९ नोव्हेंबर

आज कणीक अर्ध्यात सोडली. बोटं मिटेनात. सांधे सुजून गाठी आल्यासारखे दिसतायत. ह्यांना सांगितलं, डोकं दुखतंय, कोपऱ्यावरून पाव आणा.

त्यातच निलोफरचा फोन. "अम्मी, आठवा लागला. डिसेंबरात येते मी. बाळाला मालिश-अंघोळ तूच करायची हं."

हो म्हणाले. लेकीचं पहिलं बाळंतपण — दुसरं काय म्हणणार? मला आई नव्हती, माझं सासरीच झालं. तेव्हापासून मनात आहे, निलोफरचं आपल्या हातानं करायचं. आणि हात हे असे.

१३ नोव्हेंबर

सकाळी मोरीतला नळ बंदच होईना. गोल मूठ, बोटात जोर नाही. हे दुकानात गेलेले. पाणी वाहतंय आणि मी बघतेय. शेवटी टॉवेल गुंडाळून दोन्ही मनगटांनी आवळला.

पौडच्या स्टँडमागं ह्यांचं नळ-पाइपचं दुकान. आयुष्यभर लोकांना नळ विकले. घरात मात्र लग्नाच्या आधीपासूनचे नळ.

१४ नोव्हेंबर

जेवताना ह्यांना म्हटलं. "दुकानात ते दांडीचे नळ असतात ना, आपल्याकडं बसवा."

"का? हायेत की चांगले."

मी दोन्ही हात ताटाशेजारी ठेवले. ह्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"कधीपासनं?"

"पावसाळ्यापासून."

"आन् मला सांगितलं न्हाईस."

काय सांगणार? बाईचे हात थकले म्हटलं की घर थकतं, असं वाटत होतं. ते तसेच उठले, भात ताटात राहिला. संध्याकाळी पिशवीत नळ आणि पाना घेऊन आले. मोरी, ओटा, अंगण — सगळीकडचे बदलले. आता कोपरानं ढकललं की पाणी, परत ढकललं की बंद. रात्री उगीचच उघडून बंद करत उभी होते.

१९ नोव्हेंबर

पुण्याला डॉक्टरीणबाईंकडे. रक्त तपासलं. संधिवातच. गोळ्या दिल्या. म्हणाल्या, बोटांचं काम मोठ्या सांध्यांना द्या — पिशवी बोटांवर नको, कोपरात अडकवा. पातेलं दोन्ही तळव्यांनी उचला. सकाळी हात आखडलेले असतात तेव्हा आधी कोमट पाण्यात धरा, मग कामाला लागा.

मी विचारलं, जानेवारीत नातवंड येतंय, उचलता येईल?

"येईल की. पण सगळं तुम्ही एकटीनंच करायचं, असं कुणी सांगितलंय?"

ते मला आवडलं नाही. बाळाला न्हाऊ घालणं म्हणजे काय पिशवी उचलणं आहे?

२८ नोव्हेंबर

गोळ्या लागू पडतायत. सूज उतरली थोडी.

जड पातेली फळीवरून ओट्यावर आली. कणीक मळायला यंत्र आणलं. ओलं फडकं आता पिळतच नाही, नळाला वेढा घालून दोन्ही टोकं ओढते. पाइपावर चढवतात तो काळा फोम ह्यांनी सुरीच्या मुठीला चढवला, डावाला चढवला. मूठ जाड झाली की बोटं आवळावी लागत नाहीत. या पेनालाही चढवलाय. अक्षर बरं येतंय.

५ डिसेंबर

परसात बसून खुरपणं सोडलं होतं. शेपू-मेथी नाही म्हणजे बाळंतिणीला काय देणार? आज ह्यांनी निळे ड्रम उभे चिरले, विटांच्या थरांवर आडवे मांडले, माती भरली. उभ्यानं पेरलं मी.

शेजारच्या सगुणाबाई कुंपणावरून बघत होत्या. "आगं बीबीजान, माती कमरंपातुर आणली की तुज्या नवऱ्यानं."

मग थोड्या वेळानं, "रमजानभाऊ, माज्याबी दारात एक मांडशाल का? गुडघं लई धरत्यात."

म्हणजे सगुणाबाईंचंही तेच. इतकी वर्षं शेजारी राहून एकमेकींना बोललो नाही.

२२ डिसेंबर

निलोफर आली. फोमचा डाव हातात घेऊन म्हणाली, "अम्मी, हे काय?"

सांगितलं सगळं. डाव ओट्यावर ठेवला तिनं. मग म्हणाली, "सासूबाई म्हणत होत्या, आमच्याकडंच कर. मीच हट्ट केला. परत जाऊ का मी?"

हे दारातून म्हणाले, "कुटं जायचं न्हाई."

३ जानेवारी

सरावासाठी पिठाची पिशवी प्लॅस्टिकमध्ये बांधली, तेल लावलं, पाटावर पाय पसरून पायांवर घेतली. पाणी घालताना धरवत होती. उलटी करायला गेले आणि हातातून सटकली.

मोरीत पडली ती. पीठ होतं म्हणून बरं.

रडले. निलोफरला कळू दिलं नाही.

१७ जानेवारी

मुलगी. दोघी सुखरूप. नर्सनं माझ्या कोपराच्या बेचक्यात दिली. बोटं लागलीच नाहीत. किती हलकी!

१८ जानेवारी

निलोफरला शेपू लागला गोड. ड्रममधलाच.

२२ जानेवारी

आज घरातली पहिली अंघोळ. मी पाणी काढलं, तेल कोमट केलं, आणि मोरीच्या उंबऱ्यात उभी राहिले. सटकलेली पिठाची पिशवी आठवली. तेवढ्यात ह्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, पाटावर पाय पसरून बसले. "आण हिकडं."

मी म्हटलं, अहो, मान —

तोवर मान तळहातावर तोललेली. पोटावर वळवलं, पाठ चोळली, परत उताणं. कुठं अडखळले नाहीत. पोर रडायची थांबली.

"तुम्हाला कसं येतं हे?"

"निलोफरच्या येळंला तू तापानं पडलेलीस. म्हैनाभर तिला न्हाऊ कोण घालत हुतं, तुला काय वाटलं?"

सासूबाई — एवढी वर्षं मी तेच समजत होते.

"आईच म्हणली, कुणाला सांगू नगं, लोक हसतील." मग पाण्याकडं बघत म्हणाले, "आता हसू देत."