भर दुपारी खाडी ओलांडणारा माणूस

१२ जून १९६७, बोईसर
सं.चं, म्हणजे आमच्या मासिकाच्या संपादकांचं पत्र. कादंबरीची पाच प्रकरणं छापून झाली, वाचक खूष आहेत. पण शेवटच्या प्रकरणात अबोल्या असा का झाला ते आलंच पाहिजे. ‘बालपणी आईवर अन्याय वगैरे दाखवा. नाहीतर दिवाळीत पुस्तक काढणं अवघड.’
उत्तर लगेच टाकलं. नाही दाखवणार. माझा अबोल्या एक शब्द बोलत नाही, होड्यांचे दोर कापतो आणि निघून जातो. त्याचा पाळणा उघडून दाखवला की संपला तो. कऱ्हाडला शाळेत आम्ही सगळ्या इन्स्पेक्टरच्या नावानं चळाचळा कापायचो. एकदाचा तो आला, सर्दीनं नाक पुसत, बायकोनं डब्यात पुन्हा भोपळा दिला म्हणून कुरकुरत. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या नावाला कुणी भीक घातली नाही.
हे म्हणाले, “आधी पुस्तक निघू दे, मग तत्त्वं.” बांधकामाच्या साइटवर सिमेंट मोजणाऱ्याला काय कळणार!

१९ जून
दांडीच्या कोळीवाड्यातली जानकीबाय सुके बोंबील घेऊन आली. पावसात होड्या वर ओढलेल्या, पुरुष घरात जाळी विणत बसतात. तिची सून सातवी शिकलेली; मी दिलेला अंक ती सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. माझी छाती फुगली. मग जानकीबाय हसायला लागली, ती थांबेचना.
“आवशेला भर दुपारी तुजा मानूस खाडी पायी पार झाला? आगो बाय, तवा तिथं दोन पुरुस पानी आसतं!”
प्रक. ५. पहारेकरी टेकडीवरून बघतो, अमावास्या, दुपारचे बारा, कोरडी खाडी, रेतीतून अबोल्या शांतपणे पलीकडे जातो. माझं सर्वात आवडतं पान. आमच्या कृष्णेला भरती नसते, हे मी विसरले. तीन वर्षं समुद्राकाठी राहून!
छापून गेलंय. आता काय डोंबल करणार.

२० जून
ह्यांनी साइटवरचा भरतीचा तक्ता बघितला. जानकीबायचंच खरं. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमाराला भरती. हे दिवसभर गालात हसत होते.

३ जुलै
सं.कडे किनाऱ्यावरच्या वाचकांची पत्रं गेली आहेत. तोडगाही त्यांनीच पाठवलाय: अबोल्या हा कोळ्याचाच मुलगा, लहानपणी गाव सोडून गेलेला. खाडीतली चोरवाट त्यालाच ठाऊक. म्हणजे चूकही झाकली जाईल आणि त्याचा भूतकाळही येईल. ‘एका दगडात दोन पक्षी’ असं खाली रेघ मारून लिहिलंय.
उत्तर टाकलेलं नाही. पुस्तकाचा मोह आहे, खोटं कशाला बोलू. पण अजूनही नाहीच.

११ जुलै
जानकीबाय आज हसली नाही. टोपली बाहेरच ठेवली.
दांडीत एक धाकू म्हणून आहे. चार वर्षांपूर्वी दातिवरा गावाहून एकटाच आला. का आला, कुणाला ठाऊक नाही, त्यानं सांगितलं नाही. खाडीलगत झोपडी, बोलणं जवळजवळ नाहीच. आधी पोरं त्याला अबोल्या म्हणून ओरडायला लागली. मग बायका. भरल्या खाडीतून पार जाईल असा तोच, म्हणे. आणि गेल्या आठवड्यात ओढून ठेवलेल्या एका होडीचा दोर खरंच तुटलेला मिळाला.
मी म्हटलं, “उंदरानं कुरतडला असेल.”
“आसंल. पन तांडेल बोलतो, यंदा धाकूला होडीवर घेनार नाय.”
नारळी पौर्णिमेआधी तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, होडीवरची माणसं ठरवतो. त्यात नाव नाही म्हणजे वर्षभर काम नाही.
“तुज्या त्या मानसाचा कोन, कुटला, कायच तू सांगितलं नाय. जागा रिकामी ठेवलीस. मंग लोकांनी धाकूला बसवला.”
ती रागावली नव्हती, हेच जास्त लागलं. मला लाज वाटली. दुपारी भाकरी करपली.

१४ जुलै
सं.चा तोडगा पुन्हा वाचला. कोळ्याचा मुलगा, गाव सोडलेला, एकटा, खाडी जाणणारा. हे तर धाकूच्या गळ्यात पाटीच अडकवणं झालं. आणि गप्प राहिले तर तो आहेच तिथे बसवलेला.
पाळणा-बिळणा नाही म्हणजे नाही, पण काहीतरी…

२२ जुलै
सापडलं!
तांदूळ निवडताना. ताट तसंच सोडून उठले.
अबोल्याला खाडीत पाहिलं कुणी? एकट्या पहारेकऱ्यानं. पाणी तर दोन पुरुष होतं. म्हणजे पहारेकरी खोटं बोलला! अबोल्या पलीकडे गेलाच नाही. तो अलीकडेच आहे, आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांत, आणि पहारेकरी त्याला सामील. दोघांनाही भरती कळत नाही, म्हणून तर असली थाप मारली. कोळी असते तर मारली नसती. माझी चूक आता त्यांची चूक.
तो असा का झाला, ते अजूनही सांगायचं नाही. कोळी नाही, एवढंच. दोन बैठकींत प्रक. लिहून काढलं. झकास झालंय, मीच म्हणते.
ह्यांनी वाचलं. “म्हणजे तो आपल्यातला?”
“हो.”
“मग आता साइटच्या कॉलनीत तुला चहाला कोण बोलावणार?”

६ ऑगस्ट, रविवार
अंक येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. ह्यांना घेऊन दांडीला गेले, हस्तलिखित रेक्झिनच्या पिशवीत. आज अमावास्याच. बारा वाजता मुद्दाम खाडीवर उभी राहिले. काठोकाठ पाणी. मी ह्यात माणूस चालवला होता!
जानकीबायच्या ओटीवर पंधरा-वीस माणसं. धाकू बाहेर, उलट्या होडीच्या आडोशाला, जाळं दुरुस्त करत. वय माझ्या थोरल्या भावाएवढं. त्याला आत कुणी बोलावलं नाही, मीही नाही. आवाज मात्र चढवून वाचलं.
पहारेकरी पकडला जातो तिथे सून खुदकन हसली. वाचून संपल्यावर तांडेल म्हणाला, “घाटावरच्या बायला भरती कळली म्हनायची.”
मग एकानं विचारलं, “पन तो आसा का झाला?”
“ते नाही सांगणार.”
कुरकुर झाली. होऊ दे. धाकूबद्दल तांडेल काहीच बोलला नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. बाकी कशालाही घाबरत नाही मी.

१६ ऑगस्ट
सं.: शेवट छापतो, पहारेकऱ्याची युक्ती नामी आहे, पण पुस्तकाचं पुढच्या वर्षी बघू. बघू दे. शेवट बदलणार नाही.
शेजारच्या वहिनींनी प्रक. वाचायला नेलं होतं. आज परत देताना हळूच विचारलं, “तो म्हणजे ड्रॉइंग ऑफिसातले ते एकटे राहतात ते, हो ना?”
मी अशी ओरडले की बिचाऱ्या दचकल्या. तो कुणीही नाही, मी रचलाय त्याला. पण ते गृहस्थ संध्याकाळी समोरून गेले तेव्हा मीसुद्धा क्षणभर बघत राहिले, हे इथे लिहून ठेवते.

१८ ऑगस्ट
पौर्णिमा दोन दिवसांवर. तांडेलाची माणसं ठरत आली, धाकूचं नक्की नाही.
अकराच्या सुमाराला जानकीबाय आली, मागे धाकू. ती टोपली घेऊन कॉलनीतल्या पुढच्या घरांकडे गेली, तो पायरीवर बसला. चहा दिला, तो बशीत न ओतता तसाच गार करून प्यायला. 
मग म्हणाला, “बाय, त्या मानसाचं तू नाय सांगितलं. बरं केलं. मी दातिवरा का सोडला, तां तुला सांगू काय?”
आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं म्हणे, सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मीही तर विचारलं नव्हतं. दोन महिने जगाला सांगत सुटले होते की भूतकाळ सांगू नये. आणि आता कान आसुसलेले.
“सांगा,” म्हटलं.
त्यानं माझ्या मांडीवरच्या वहीकडे बघितलं. हीच वही. मी ती मिटली, आत नेऊन पिठाच्या डब्यावर ठेवली आणि परत येऊन त्याच्यासमोर खाली बसले.
त्यानं सगळं सांगितलं. ते इथे लिहीत नाही.
तांडेलाचा निरोप संध्याकाळपर्यंत आलेला नाही.