हलायला जागा

मु. चिनावल, ता. रावेर
२४ मे

प्रिय ताई,

नमस्कार. दाजींनाही सांग. मामा-मामी मजेत आहेत, मी जेवतोय, आणि ऊन इतकं आहे की दुपारी बागेतला माणूसही केळीच्या पानासारखा मधोमध फाटेल. तुमच्या दीपनगरात दोरीवरच्या कपड्यांवर वीजकेंद्राची राख अजून पडते का?

तू म्हणालीस, फोनवर तू नुसता ओरडतोस, काय ते लिहून पाठव. घे मग वाचायला. कागदावर ओरडता येत नाही हे खरं आहे, पण पेन दोनदा आरपार गेलं.

तुझी दुसरी अटही पाळतोय. गावातल्या मंगल कार्यालयात सकाळी सहाला लताबाईंचा योगाचा वर्ग असतो. लताबाई म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या पीटीच्या बाई. वर्गात चौदा बायका आणि मी. पहिल्या दिवशी झुंबरबाई म्हणून साठीच्या एक आहेत, त्यांनी विचारलं, "बाबू, तुयी कंबर धरली का आईनं पाठवलं?" मी म्हटलं, बहिणीनं. त्यावर सगळ्या हसल्या. का ते मला अजून कळलेलं नाही.

वृक्षासन म्हणजे एका पायावर उभं राहायचं, बस. मेकॅनिकलची दोन वर्षं केलेला विद्यार्थी, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी शिकलेला, चार सेकंदांत पडतो. झुंबरबाई त्याच पायावर उभ्या राहून शेजारणीला विचारतात, लोणच्याच्या कैऱ्या आल्या का. लताबाई माझ्याजवळ आल्या, खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "बोटं काहून रोवतो रे जमिनीत? जमीन काय पळून चालली?"

मी पाहिलं, तर खरंच पायाची बोटं आकड्यासारखी वळलेली.

आता खरं सांगतो, तू सांगितलंस म्हणून फक्त जात नाही. दिपमाला कॉलेजात सराव करताना नेहमी म्हणायची की आसन स्थिर पाहिजे आणि सुखाचंही पाहिजे, दोन्ही एकदम, नाहीतर ती नुसती कसरत. मी तेव्हा हसायचो. म्हणायचो, एक काहीतरी ठरव, इकडे तरी नाहीतर तिकडे तरी. आता वाटतं, ती काय म्हणायची ते निदान समजून तरी घ्यावं. तिने मला ब्लॉक केलंय हे तुला माहीत आहे. का केलंय ते मलाही नीट सांगता येत नाही.

कॉलेजचं म्हणशील तर तेच, जे बाबांना सांगितलं. हजेरीवरून एचओडींशी वाजलं, मी ऐकून घेतलं नाही, निघून आलो. तो विषय आता काढू नको.

एक विचारायचं होतं. २८ जूनला जळगावला योगासनांच्या टीमची निवड आहे. फेब्रुवारीत मनगटाला लागल्यामुळे दिपमालाची ती संधी गेली होती. यावेळी ती येईलच. मी मागच्या खुर्चीवर नुसता बसलो, बोललो नाही, तर चालेल ना? ती मयूरासन करते तेव्हा सगळं अंग दोन मनगटांवर तोलते आणि चेहरा असा की जणू वर्तमानपत्र वाचतेय. मला ते एकदा पाहायचंय. तू सांगशील तसं करीन. बहुतेक.

तुझा, कोणापुढेही न वाकणारा,
भूषण


चिनावल
८ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. "आधी फेब्रुवारीत काय झालं ते लिही, मग जळगावचं बघू." एवढंच? शेवयांचं पाकीट मिळालं, मामीने जपून ठेवलंय.

आधी इथलं सांगतो, कारण मी बागेचं नुकसान केलंय आणि मामा बाबांना सांगायच्या आत तुला कळलेलं बरं.

घड लागलेली केळी वाऱ्याने पडू नये म्हणून प्लास्टिकच्या पट्टीने एकमेकांना बांधतात. चुडामण मामांनी मला चार ओळी दिल्या. मी पट्टी अशी आवळली की झाड जागचं हलणार नाही. संध्याकाळी मामांनी पाहिलं. "भाचेबुवा, झाड बांधलं का फाशी देली?" सैल कर म्हणाले. मी म्हटलं, मामा, बांधायचं तर नीट बांधायचं. ते पुढच्या ओळीकडे गेले. तेही माझ्यासारखे ओरडले असते तर मी सैल केली असती, चिडून का होईना.

बुधवारी वादळ आलं. वीसेक मिनिटांचं. मामांच्या ओळी दारू प्यायल्यासारख्या झुलल्या आणि उभ्या राहिल्या. माझ्या चार ओळींतली अकरा झाडं मोडली, ताई. आणि मोडली कुठे, तर बरोबर जिथे पट्टी रुतली होती तिथेच. घड चिखलात.

मामा एकेक झाड बघत गेले. मी मागून. मला वाटलं, आता तरी शिव्या देतील. ते म्हणाले, "पट्टीनं झाड पडाले नको, एवढंच पाहाचं. हलाले जागा ठेवाची."

"किती जागा?"

"ते वारा सांगते."

हे काय उत्तर झालं? वारा सांगतो तोवर झाड मोडलेलं असतं. आम्हाला कॉलेजात तक्ते होते. भोकात दांडा बसवायचा तर दोघांत फट किती ठेवायची, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत लिहिलेलं. घट्ट बसला तर फिरत नाही, सैल बसला तर खडखड करतो. इथे कोणाकडेच तक्ता नाही. बाबा म्हणतात, एका जागी टिकायला शीक. लताबाई म्हणतात, सैल सोड. सैल सोडलं की त्याच म्हणतात, पाठीला पोक का काढला, ताठ उभा राहा. परवा मी चिडून म्हटलं, बाई, एक काहीतरी सांगा. त्या म्हणाल्या, "एक पाहिजे तर खांब हो ना. आसन कशाले करतो?"

मी वर्गातून निघून आलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. मी निघून गेल्याचं कोणी पाहिलंच नव्हतं, असं सगळ्या वागल्या. झुंबरबाईंनी चटई आधीच टाकून ठेवली होती.

आता मुख्य. काल मगनचा फोन होता. माझा रूम पार्टनर मगन, तू धुळ्याला आलीस तेव्हा तुझी बॅग ज्याने उचलली तो. म्हणाला, २८ च्या यादीत दिपमालाचं नावच नाही. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, अडवलंय. ते म्हणाले म्हणे, जी पोरगी उभ्या बसच्या पायरीवरून पडते ती कसली तोल सांभाळते, पुरे झाली नाटकं. आता तिला मुलगे दाखवायचं चाललंय.

ताई, माझं डोकं फिरलंय. उठावं आणि धुळ्याला जाऊन त्या माणसाला सांगावं की तुमच्या मुलीएवढा तोल तुमच्या सगळ्या खानदानात कोणाचा नाही. ती काय वेंधळी आहे? मी तिथेच होतो. स्टँडवर गर्दी होती, मी अगदी जवळ होतो. ती तशी पडणारी नाही.

काय करू ते कळव. लवकर कळव, कारण मला थांबता येत नाही हे तुला माहीत आहे.

तुझा भाऊ,
भूषण


चिनावल
१७ जून

ताई,

यावेळी तू एकच ओळ लिहिलीस. "तू इतका जवळ होतास, तर तिला धरलं का नाहीस?"

धरलं होतं.

ही ओळ लिहायला मला तीन दिवस लागले. आता पुढचं लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा केळीवर जाईन.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. धुळे स्टँड, सकाळी साडेसातची जळगाव गाडी. चार दिवसांचं शिबिर आणि शेवटी निवड. ती जाऊ नये असं मला वाटत होतं. त्यांच्या टीममधल्या एका मुलाने तिच्यासोबतचा फोटो टाकला होता, सहा जणांचा फोटो, त्यात तो तिच्या शेजारीसुद्धा नव्हता, दोन माणसं सोडून होता. मी रात्रभर तोच बघत बसलो होतो. स्टँडवर जाऊन म्हटलं, आज गेलीस तर संपलं. ती म्हणाली, भूषण, रविवारी बोलू. आणि पायरीवर पाय ठेवला. मी तिचा उजवा हात धरला.

मनगटाजवळ. गच्च.

ती आधी हसली. मग ओढला. मी सोडला नाही. मला दाखवायचं होतं की मी हटणारा माणूस नाही. ताई, मला खरोखर वाटत होतं की यालाच प्रेम म्हणतात, म्हणजे सगळे गेले तरी जो धरून राहतो तो. ती म्हणाली, "हात सोड मना." कॉलेजात ती कधी अहिराणी बोलायची नाही, फक्त आईशी फोनवर. ते ऐकून मला जास्तच राग आला, का ते विचारू नको, मला माहीत नाही. मी म्हटलं, जा मग, आणि हात झटकून सोडला. ती पूर्ण जोर लावून ओढत होती. आतल्या लोखंडी पायरीवर त्याच हातावर पडली.

आवाज मी ऐकला.

कंडक्टरने विचारलं, काय झालं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाय घसरला." एवढंच. मग टीममधल्या मुलींनी तिला उतरवलं, रिक्षात घातलं. मी तिथेच उभा होतो. कोणी मला काही विचारलं नाही, त्यांना वाटलं मी गर्दीतला आहे.

सहा आठवडे प्लास्टर. तिचा एकच मेसेज आला. कोणाला काही सांगू नकोस, मला फोन करू नकोस. त्यानंतर ब्लॉक. एचओडींशी माझं कधीच वाजलं नाही. मला त्या स्टँडवरून रोज कॉलेजला जायला जमेना, एवढंच कारण आहे. बाबांना सांगायला भांडण बरं वाटलं. भांडण माझ्याकडून सगळे मानून घेतात.

तुझी ओळ वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच सावद्याच्या स्टँडवर गेलो. ठरवलं होतं, सरळ धुळ्याला जायचं, अण्णांसमोर उभं राहायचं, सगळं सांगायचं. तुमची मुलगी पडली नाही, मी पाडली. गाडी आली. पायरीवर पाय ठेवला. आणि मग कळेना मी काय करतोय ते. तिने सांगू नकोस म्हटलंय. मी सांगितलं तर तिचा तोल खरा ठरेल, पण त्याच वेळी घरात कळेल की दोन वर्षं तिचं एका पोराशी बोलणं होतं. तिने ते झाकायला स्वतःला वेंधळी म्हणवून घेतलं. मी जाऊन ते उघडं करणार, तिला न विचारता, कारण मला आता राहवत नाही. म्हणजे पुन्हा ओढणंच की. आणि नाही सांगितलं तर? माझी अब्रू शाबूत, तिची मनगटं पोळ्या लाटायला. म्हणजे पुन्हा झटकून सोडणंच.

मी उतरलो. मागचा म्हातारा म्हणाला, "चढाचं का उतराचं ते ठरव ना बाप्पा." अर्धा तास तिथेच बाकावर बसलो होतो. उतरलो तो भित्रेपणा होता का शहाणपण, ते मला आजही सांगता येणार नाही. तुला कळलं तर सांग.

लताबाईंना आडून विचारलं. नाव न घेता. म्हटलं, बाई, एखाद्याने चूक केली, बोललं तरी मोडतं, गप्प बसलं तरी मोडतं, तर काय करायचं? त्या चटया गोळा करत होत्या. म्हणाल्या, "मी आसनं शिकवते, लगनं नाही जमवत." मग दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाल्या, "ज्याचं मोडते, त्याले विचारलं का?"

नव्हतं विचारलं. कधीच काही विचारलं नव्हतं, ताई. स्टँडवर पण नाही.

तर एक काम कर. दिवाळीला ती माझी वर्गमैत्रीण म्हणून तुझ्याकडे आली होती, तुझी शेवभाजी नावाजून गेली होती, तिचा नंबर तुझ्याकडे आहे. तू बाईमाणूस, तू फोन केलास तर घरी कोणी काही म्हणणार नाही. तिला विचार. मी सांगावं असं तिला वाटत असेल तर मी येतो, तू आणि दाजी सोबत चला, अण्णांनी काय करायचं ते करू दे, मी आवाज चढवणार नाही. चढवला तर दाजींनी तिथेच मुस्काटात द्यावी. तिला नको असेल तर मी गप्प राहीन, आणि तिचं नाव यादीत आलं तरी २८ ला जळगावला जाणार नाही. मागच्या खुर्चीवरही नाही. यातलं काय व्हावं असं मला वाटतं ते लिहीत नाही. ते रोज बदलतंय.

सोबत एक चिठ्ठी आहे. ती फक्त तिला दे, दुसऱ्या कोणाच्या हातात नको. तिने ती अण्णांना दाखवावी, नाहीतर फाडावी, नाहीतर पाच वर्षांनी वापरायला ट्रंकेत ठेवावी. मी परत मागणार नाही. त्यात तीनच वाक्यं आहेत. त्या दिवशी दिपमालाचा पाय घसरला नाही. मी तिचा हात धरून ठेवला आणि झटकून सोडला. तिचा तोल गेला नव्हता, माझा गेला होता. माफी त्यात लिहिलेली नाही. लिहिली असती तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं.

ती माझ्याबद्दल विचारणार नाही. विचारलंच तर काय सांगशील? बरा आहे म्हणू नको. म्हण, केळी बांधतो. मोडलेल्या अकरा झाडांच्या जागी बुंध्याशी नवीन पिलं फुटलीत. मामांनी बाकीच्या ओळी पुन्हा माझ्याकडेच दिल्यात, का ते कळत नाही. मी पट्टी बांधतो, झाडाला हाताने ढकलून बघतो, सैल करतो, परत बांधतो. एका ओळीला अख्खा दिवस जातो. मामा म्हणतात, "तुया हातानं दिवाळीपर्यंत होईन." मला नेमकं माप अजून सापडलेलं नाही.

आजवर तुला नुसतं भूषण म्हणून लिहीत आलो. चिठ्ठीवर पूर्ण नाव घातलंय, बापाच्या नावासकट, तिला कुठे दाखवायची झाली तर उपयोगी पडेल असं. इथेही तेच घालतो.

ज्याने तिचा हात धरला होता तो,
भूषण जीवराम भारंबे