अकोल्याची कान्छी

१५ डिसें., रविवार

चर्चमधून घरी आले तर दारात एक बाई मुलाला घेऊन उभ्या. मुलाला बारावी कॉमर्सची शिकवणी हवी. “पाटीवर वाणिज्य लिहिलंय म्हणून आलो.” या महिन्यातली ही तिसरी. पाटीवर ‘मानद वाणिज्यदूत’ ठळक आहे, ‘नेपाळ’ खाली बारीक, ही पाटीवाल्याची कृपा. त्यांना चहा पाजून सांगितलं, मी दूत आहे, वाणिज्य नुसतं नावाला. मुलगा सुटल्यासारखा हसला.

ह्यांचं म्हणणं, पदाची आद्याक्षरं मा.वा. होतात. नगरात तंबाखूचा मावा खाणारे पुष्कळ, मावा झालेली तूच पहिली. पगार नाही, गाडी नाही, झेंडा तेवढा आहे. त्याला दर रविवारी मी स्वतः इस्त्री करते आणि करताना फार बरं वाटतं. लपवायचं कशाला? नागापूरला कामगारांची मेस चालवता चालवता आचाऱ्यांकडून भाषा शिकले. कुणाचं आजारपण, कुणाचा अपघात, वीस वर्षं फुकटच धावले. आता तेच शिक्का मारून.

१८ डिसें., बुध.

करंज्या तळून झाल्या. प्रेम (मेसचा आचारी, माझा नेपाळी भाषेचा गुरू) म्हणतो, दिदी, तुमच्या करंजीत सारण कमी, हवा जास्त. गुरू असला म्हणून काय झालं. त्याला केक फेटायला बसवला.

२१ डिसें., शनि.

बालगृहात नाताळचा फराळ वाटायला गेलो, मी नि प्रेम. रांगेत शेवटी एक पोर. सातेक वर्षांची, उवांमुळे केस बारीक कापलेले. करंजी घेतली, पुन्हा हात पुढे केला नि म्हणाली, “आमालाई पनि.”

शिंदेताई, तिथल्या काळजीवाहक, लगेच पेला घेऊन आल्या. “हिला सारखं पाणी लागतं, मॅडम. जेवायला बसली की आमाला पानी, आमाला पानी. दिलं की पीत नाही.”

प्रेमनं डबा खाली ठेवला. आमालाई पनि. आईलापण. पोर दिवाळीपासून रोज प्रत्येक घासाला आईचा वाटा मागतेय आणि तिला रोज पाणी मिळतंय.

तिला दोन करंज्या दिल्या. एक तिची, एक आईची.

दिवाळीत नगरच्या एसटी स्टँडवर एकटी सापडली होती म्हणे. नोंद अशी: कांचन, बाप बहादुर, राहणार अकोला. अकोल्याला पोलीस चौकशी झाली, तिकडच्या पेपरात जाहिरात झाली, कुणी पुढे आलं नाही. आता दोन-तीन महिन्यांत फाइल दत्तकाकडे वळणार. मी नेपाळीत विचारलं. नाव कान्छी. कांचन कुठलं, कान्छी म्हणजे धाकटी. घर? “अकोल्याला. बांधाजवळ.” बाबा बांधात मासे धरतात म्हणाली.

शिंदेताई हसल्या. “शेताच्या बांधात कुठले मासे? मनाचं सांगती पोर.” मीही हसले. पण घरी येईपर्यंत काहीतरी टोचत राहिलं.

२२ डिसें., रवि.

पाळकसाहेब मेंढपाळावर बोलत होते, मी बांधावर होते. आणि एकदम उजेड पडला. आपला बांध शेताचा. नेपाळीतला बांध म्हणजे धरण! आणि धरण अकोल्याला कुठे? विदर्भातल्या अकोल्याला नव्हे, आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याला. भंडारदरा. अकोला घ्या नाहीतर अकोले घ्या, दोन्हींचं होतं ‘अकोल्याला’. पोरीनं आजूबाजूला ऐकलं तसं सांगितलं, लिहिणाऱ्यानं ऐकलं तसं लिहिलं. चूक कुणाची म्हणायची? विभक्तीची.

ह्यांना कोपर मारलं. “गाडीत पेट्रोल आहे?”

“प्रार्थना तरी संपू दे.”

२३ डिसें., सोम.

राजूर ओलांडून धरणाच्या वाटेवर चहाला थांबलो. हरवलेल्या नेपाळी मुलीचं विचारलं. टपरीवाले आजोबा म्हणाले, “बहादुरची पोरगी व्हय? दिवाळीपास्नं न्हाई ती. बाजाराच्या दिशी आईच्या हातनं सुटली. लई हुडकली आमी.”

“बहादुरचं पूर्ण नाव काय?”

“बहादुर.”

“अहो, पूर्ण नाव.”

“आता बहादुरला कसलं पूर्ण नाव असतंय, बाई?”

ज्या हॉटेलात तो कामाला, त्याच्या मालकांनाही नाव ठाऊक नाही. भला माणूस, पोर हरवल्यावर स्वतःची गाडी घेऊन चार गावं फिरला, पण नाव विचारलं नाही. टेकबहादुर रोकाया त्याचं नाव, शेवटी बायकोनं सांगितलं. मी तिथल्या तिथे मालकांसकट तिघांकडून म्हणवून घेतलं.

बायको धनमाया मागे भांडी घासत होती. मी तिच्याच भाषेत सांगितलं, तुझी कान्छी नगरला आहे, सुखरूप आहे. रडली नाही. राखेचे हात तसेच ठेवून विचारलं, “खान्छे?” जेवते का?

मी सांगितलं, जेवते. आणि प्रत्येक जेवणाला तुझा वाटा मागते. तेव्हा ती खाली बसली.

टेकबहादुर घोटी-इगतपुरीकडे गेला होता. हरवलेलं माणूस रेल्वेनं जातं असं त्याच्या डोक्यात. सुट्टी मिळाली की स्टेशनं पालथी घालायचा. पोर मात्र, तिनं शनिवारी मला सांगितलं तसं, आईच्यासारखी शाल पांघरलेल्या कुठल्याशा बाईमागे एसटीत चढून नगरला आलेली. त्यानं तक्रार दिली होती, पण तिथे तिचं कागदावरचं नाव सुष्मिता, आणि फोटो दोन वेण्यांचा. बालगृहातली कांचन, केस बारीक कापलेले. जुळणार कसं?

मालकांचा फोन गेल्यावर टेकबहादुर जीपनं आला. दिदी म्हणून पायाशी वाकला, मी रागावले. ह्यांनी गाडीचं मागचं दार उघडून धरलं. माझ्यासाठी इतक्या वर्षांत कधी धरलं नाही.

२४ डिसें., मंगळ.

आणलं दोघांना. कान्छी आधी शिंदेताईंच्या मागे लपली. आईकडे बघितलं, बघतच राहिली, आणि एकदम आत पळाली. धनमायाचा चेहरा पडला. बाहेर आली ती मुठीत रुमालाची पुरचुंडी घेऊन. आत आईच्या वाट्याची करंजी, चुरा झालेली.

पुढचं लिहीत नाही. शिंदेताई पदर डोळ्याला लावून माझ्याजवळ आल्या. “मी तिला पाणीच देत राहिले हो.” त्यांना कोण बोलणार? पोरीला रात्री कुशीत घेऊन निजवलं ते त्यांनीच.

पण पोर हातात मिळाली नाही. बालकल्याण समितीचा आदेश हवा. धनमायाला दारातून ओढून न्यावं लागलं, आणि ते काम माझ्याकडे आलं.

२५ डिसें.

नाताळ. रोकाया नवराबायको आमच्याकडेच. धनमायानं आमच्या घरातली सगळी भांडी घासली, स्वच्छ होती तीसुद्धा. मी थांबवलं नाही.

२७ डिसें., शुक्र.

समिती. अध्यक्षबाई कडक, पण सरळ. म्हणाल्या, “रडणं हा पुरावा नाही. उद्या कुणीही येऊन रडेल.” बरोबर आहे, मीही तिथे असते तर हेच म्हणाले असते. पण मी तिथे नव्हते, इकडे होते, म्हणून चिडले.

नाव जुळेना. एक सदस्य म्हणाले, “टेक मुलाचं नाव, बहादुर वडिलांचं, रोकाया आडनाव. म्हणजे मुलगी सुष्मिता टेक रोकाया पाहिजे. इथं लिहिलंय कांचन बहादुर.” मी सांगितलं, टेकबहादुर हा एकच शब्द, बहादुर बाप नव्हे. अध्यक्षबाई म्हणाल्या, “मग आमच्या सोसायटीचा वॉचमन मानबहादुर, तोही?” तोही. “सगळ्यांचा बाप एकच कसा, हेच मला कोडं होतं.”

वर मला विचारतात, वाणिज्यदूतांचा इथे काय संबंध, हा काही व्यापाराचा विषय नाही. घरी येऊन पाटी काढून ठेवणार होते. ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर लपवला.

३ जाने., शुक्र.

नेपाळचे कागद हवेत. दिल्लीला नेपाळच्या वकिलातीत फोनवर फोन. टेकबहादुरचा भाऊ डोंगर उतरून तालुक्याला गेला. आज सुष्मिताचा जन्मदाखला शिक्क्यासह आला. वकिलातीतल्या बाईंनी पुढचं सगळं मनापासून केलं.

मी माझ्या लेटरहेडवर पत्र तयार केलं. हजार छापून घेतले नि जिल्ह्याचं नाव बदललं. ‘अहमदनगर’ खोडून वर पेनानं ‘अहिल्यानगर’. दिसायला गबाळं, पण शिक्का मारला की मान आपोआप ताठ होते.

१० जाने., शुक्र.

आज जिंकले. सविस्तर लिहिणार.

कागद सगळे चोख. अध्यक्षबाईंनी शांतपणे वाचले, मान डोलावली. मला वाटलं झालं. मग त्यांनी कान्छीला जवळ बोलावलं. “बाळ, तुझं नाव सुष्मिता ना?”

“नाही. कान्छी.”

“सुष्मिता कोण?”

“माहीत नाही.” स्वच्छ मराठीत. बालगृहात शिकली.

“वडिलांचं नाव?”

“बहादुर.”

जन्मदाखला सुष्मिताचा आणि मुलगी स्वतःच म्हणते मी ती नव्हे. बापाचं नावही चुकीचं सांगते. टेकबहादुरनं मान खाली घातली. आपल्या पोरीला आपलं नाव ठाऊक नाही, हे त्यालाही तिथंच कळलं. घरात तिच्यासाठी तो ‘बा’, बाहेर सगळ्यांसाठी बहादुर. खरं नाव तिच्या कानावर पडणार कधी? अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण लावलं. म्हणजे प्रकरण गेलं.

मी उठले. बोलायची परवानगी मागायचं राहिलंच. म्हटलं, “मॅडम, घरात तुम्हाला काय म्हणतात?”

“याचा इथे संबंध?”

“आहे. सांगा ना.”

त्या हळूच म्हणाल्या, “बेबी.”

सदस्य खोकले. मी त्यांच्याकडे वळले. “आणि तुम्हाला, साहेब?”

“आता मला कशाला… बाळू. भाचरं बाळूमामा म्हणतात.”

“सात वर्षांच्या असताना तुम्हाला स्टँडवर कुणी नाव विचारलं असतं, तर काय सांगितलं असतं? बेबी. आणि वडिलांचं? आमच्या नगरमध्ये अर्ध्या मुलांनी अण्णा सांगितलं असतं, उरलेल्यांनी दादा. मग तुमची फाइल बेबी अण्णा, राहणार कुठलंतरी, अशी झाली असती, आणि तुमची आई दारात उभी राहून रडली असती तरी जुळली नसती. कान्छी म्हणजे बेबी, मॅडम. आणि बहादुर हे नाव तिच्या बापाला तिनं दिलेलं नाही. आपण दिलं.”

शेवटचं वाक्य घरून ठरवून नेलं नव्हतं. आपसूक आलं.

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं. “मुलीचं नाव सुष्मिता टेकबहादुर रोकाया, घरचं नाव कान्छी. आईवडिलांच्या ताब्यात.” लिहिता लिहिता स्पेलिंग टेकबहादुरला विचारलं. “रोकाया कसं लिहायचं, भाऊ?” इतक्या वर्षांत त्याला कुणी हे विचारलं नसेल. त्यानं धनमायाकडे बघितलं, तिनं एकेक अक्षर सांगितलं.

अट एकच: मार्चमध्ये मुलीला पुन्हा समितीसमोर आणायचं. हमी वाणिज्यदूतांची. मी सही केली, लफ्फेदार.

बाहेर आल्यावर ह्यांनी न सांगता गाडीला झेंडा लावला. नियमात बसतं का, माहीत नाही. स्टँडवरून, बाजारातून, थेट नागापूरपर्यंत तसेच गेलो. सिग्नलला एका रिक्षावाल्यानं विचारलं, “मॅडम, कुठला पक्ष?” मेसवर प्रेमनं सेलरोटी, त्यांची तांदळाच्या पिठाची गोड कडी, तळली होती, सगळ्या शिफ्टची पोरं जमलेली. कुणीतरी ढोलकी काढली. माझ्या साठीच्या गुडघ्यांनी आज नाचून घेतलं. ह्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या, बेताल.

असा दिवस आयुष्यात एखादाच. मला माझा अभिमान वाटतो. लिहून ठेवते.

१४ जाने., मंगळ.

संक्रांत. अध्यक्षबाईंचा फोन. कामाचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, “आज सोसायटीच्या वॉचमनला तिळगूळ दिला नि पूर्ण नाव विचारलं. मानबहादुर खड्का.” मी म्हटलं, छान झालं, बेबीताई. रागावल्या नाहीत.

२७ जाने., सोम.

भंडारदऱ्याहून टेकबहादुरचा फोन. धनमाया पोरीचं मनगट सोडत नाही. रात्रभर जागून धरून असते. पोर मराठीत बोलते, आईला कळत नाही, मग दोघी रडतात. धनमाया गावी जायचं म्हणते, पोरीला घेऊन. तो हंगाम संपेपर्यंत इथेच. “दिदी, परवानगी आहे का?”

नियमाप्रमाणे सांगायला हवं, मार्चची तारीख होऊ दे, मग जा. सही माझी आहे. उद्या बोलते म्हणाले.

२ फेब्रु., रवि.

उपासना बुडवून स्टेशनवर गेले. त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी मी हो म्हटलं. ह्यांनी विचारलं, ती परत नाही आली तर? तर समितीसमोर मी उभी राहीन, बोलता येतं मला. खरं सांगायचं तर मनातून वाटतं, न आली तरी चालेल. धरणाकाठी धनमायाला झोप लागत नसेल, तर माझ्या सहीसाठी तिनं का जागावं? मा.वा. म्हणून हे चूक असेल. पण मला आजही जिंकल्यासारखंच वाटतंय.

धनमायानं डब्यात बसूनही मनगट धरलेलं. “मार्चला आणशील?” विचारलं. “आणेन,” म्हणाली, माझ्याकडे न बघता. टेकबहादुर फलाटावर खिडकीचा गज धरून उभा.

कान्छीनं मला वाकून मराठीत विचारलं, “मावशी, मी परत यायचं का नाही यायचं?”

म्हटलं, आईला विचार.

तिनं तोंड वळवून आईला विचारलं, नेपाळीत. अडखळली, पण विचारलं. धनमाया काहीतरी म्हणाली. तेवढ्यात गाडी सुटली, मला ऐकू आलं नाही. टेकबहादुरला आलं का, ते विचारायचा धीर झाला नाही.