एकशे एकोणीस जणांचं म्हणणं

३ फेब्रुवारी, सोमवार

कॉलेज बंद होणार म्हणे! होऊ दे.

आमचे प्रभारी प्राचार्य नागसेन सर. त्यांनी आज पहिल्या तासाआधी सगळ्यांना व्हरांड्यात उभं करून सांगितलं. तिन्ही वर्षं मिळून आम्ही एकशे एकोणीस. एवढ्याशा पोरांसाठी कॉलेज चालवणं संस्थेला जमत नाही. तालुक्याच्या मोठ्या कॉलेजात आम्हाला पाठवायचा विचार आहे. एकवीस तारखेला संस्थेचे सचिव देवाजीभाऊ येणार. त्याआधी प्रत्येकाचं मत कागदावर पाहिजे.

कागद गोळा कोण करणार? "चंचल, तू कर. तुझं अक्षर चांगलं आहे."

दुसऱ्यांचे कागद गोळा करायला माझं अक्षर कशाला लागतं!

पहिला कागद मीच भरला. 'बंद झालं तरी चालेल. तिकडे कँटीन आहे, मोठी लायब्ररी आहे, इंग्रजीचे सर आहेत.' खोटं काय आहे यात? आपल्याकडे इंग्रजीची जागा दोन वर्षांपासून रिकामी. नागसेन सरच इतिहास शिकवतात आणि मग तोच खडू घेऊन इंग्रजी.

५ फेब्रुवारी, बुधवार

बेचाळीस कागद आले. एकतीस कागदांवर एकच शब्द — 'उत्तम'. एकाने तर 'उत्तम' खोडून 'अतिउत्तम' केलंय. सरांना दाखवले. चष्मा काढून हसले.

"हे मत नाही, ही भीती आहे. त्यांच्याशी बोल. जे तोंडानं बोलतात तेच लिहायला सांग."

म्हणजे काम डबल!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बोलले. बाप्पा, किती बोलतात लोक!

मुलींचं आधी. संडासाच्या दाराला कडी नाही. एक आत, एक बाहेर उभी, असं तीन वर्षं चाललंय. हे मलाही माहीत होतं. मीपण कितीदा बाहेर उभी राहिले! पण लिहायचं मात्र सुचलं नाही. आता अकरा जणींनी लिहिलं.

फायनलचा प्रफुल म्हणाला, "मोबाइलले रेंज नाई इथी. त्याच्यानं पुस्तकं वाचा लागून राह्यली. हे तक्रारीत लिही."

"लायब्ररीत सहाच खुर्च्या आहेत, ते नको लिहू का?"

"तेबी लिही. मी खिडकीत बसून वाचतो म्हणा."

सुरुवातीला सगळे तक्रारीच सांगतात. मग जरा थांबलं, काही न बोलता उभं राहिलं, की दुसरंच काही निघतं. जंगलाच्या वाटेनं येणाऱ्या चौदा जणांनी एकच गोष्ट लिहिली आहे — चार वाजताची हजेरी. मागच्या वर्षी नाल्याजवळ वाघानं गाय मारली. तेव्हापासून त्या वाटेच्या पोरांची नावं सर कॉलेज सुटताना पुन्हा वाचतात. सगळे जमले की मगच सोडतात. एक जण कमी असेल तर सगळे थांबतात. मी बसनं जाते, म्हणून मला ही हजेरी माहीतच नव्हती.

१० फेब्रुवारी, सोमवार

दीपिकाताईचा कागद. ती फायनलला. लग्न झालेलं, दोन वर्षांचं लेकरू. त्याला घेऊनच येते. तास चालू असताना ते आमच्या शिपाई सुगंधाबाईंजवळ असतं. लायब्ररीत टेबलाखाली चादर, त्यावर ते, आणि त्याच्या हातात खडूचा रिकामा डबा. हे मी रोज बघते. आज पहिल्यांदा विचारलं, "तिकडे गेलीस तर याचं काय?"

"तिकडे? तिकडे गेटवरच विचारन वॉचमन, लेकरू कोणाचं म्हणून. मी नाई जात तिकडे. घरीच बसीन."

सहज म्हणाली. वाईट वाटून नाही. मलाच वाईट वाटलं.

सुगंधाबाई मधेच — "माह्यं मत नाई घेत का वं कोणी?" मी म्हटलं, विद्यार्थ्यांचंच घ्यायचं आहे. "बरं बाई," म्हणाल्या आणि त्या लेकराचं नाक पुसलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एकशे अठरा झाले. एक कोरा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कोरा कागद इसरूचा. बी.ए. फर्स्टचा. एटापल्लीच्याही पुढे त्याचं गाव, घरी माडिया बोलतात. तो इथल्या वसतिगृहात राहतो. वर्गात शेवटच्या बाकावर. मी सहा-सात महिन्यांत त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. खरं सांगायचं तर तो गप्प असतो म्हणून मी त्याला मंद समजत होते. (हे कोणी वाचू नये.)

"काऊन काही नाई लिहिलं?"

त्यानं कागद उलटा करून ठेवला. मग — "मराठीत लिहिलं का पेपर लिहिल्यासारखं वाटते. माझं नाही वाटत."

"मग तुमच्या भाषेत लिही न."

"चालते?"

चालतं की नाही मला काय माहीत! पण मी म्हटलं, चालते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

इसरूनं दोन पानं दिली. पाठपोट भरलेली. अक्षरं आपलीच, म्हणून घडाघडा वाचता येतं आणि कळत काहीच नाही. बसमध्ये तीनदा वाचलं. शेजारची बाई विचारते, "मंत्र आहेत का?"

त्याला अर्थ विचारला तर म्हणाला, "त्या दिवशी सांगतो."

सरांनी ती पानं गठ्ठ्याच्या सगळ्यात वर ठेवली. "सर, सचिवसाहेब रागावतील," मी म्हटलं. "रागावू दे की," — आणि पुन्हा तेच हसणं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दाराला कडी लागली! प्रफुल आणि दोघांनी लावली. सुतार नाही, कोणी नाही. इतकंच होतं तर.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं नीट लिहिते.

देवाजीभाऊ अकराला आले. वाईट माणूस नाही. पांढरा शर्ट, थकलेला चेहरा, चहा नको म्हणाले. सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. गठ्ठा त्यांच्यापुढे. मी बाजूला उभी.

त्यांनी वरचा कागद उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागले. एक ओळ. दुसरी अर्धी. थांबले. कागद जवळ धरला, लांब धरला. पोरं हसायला लागली.

"हे काय आहे?"

इसरू उठला. शेवटच्या रांगेतून. मला वाटलं, आता हा बसतो खाली. नाही बसला.

"माझं मत आहे, साहेब."

"मला कसं कळणार हे?"

"तुमाले आता जसं झालं न, साहेब, वाचता येते पण समजत नाही — तसं मले पहिले दोन महिने रोज होत होतं."

देवाजीभाऊंनी कागद खाली ठेवला.

"मी गावाले वापस जाणार होतो. पेटी भरली होती. मग नागसेन सर म्हणाले, रोज तुझ्या भाषेतला एक शब्द मले शिकव. मी तुले मराठीतला शिकवीन. फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत होते सर. सरांची वही आहे, त्यात एकशे तीस शब्द झाले. मोठ्या कॉलेजात एका वर्गात शंभर पोरं. तिथले सर चांगले असतील. पण माझ्यासाठी थांबतील कधी? त्यांचा दोष नाही. टाइमच नाही." मग म्हणाला, "एवढंच लिहिलं आहे. बाकी वसतिगृहातल्या भाजीबद्दल आहे."

सगळे हसले. देवाजीभाऊही. त्या फळ्याच्या कोपऱ्यातले शब्द मी रोज बघत होते! वाटायचं, सरांचंच काहीतरी चाललंय.

मग देवाजीभाऊंनी सगळे कागद वाचले. खरंच वाचले, दोन तास. मधे मी माझा कागद गठ्ठ्यातून काढू शकले असते. हात गेलाही. पण नाही काढला. त्याच्याखाली एक ओळ तेवढी लिहून ठेवली — 'हे मत तीन तारखेचं आहे. आज तसं वाटत नाही.' त्यांनी ती ओळ वाचली आणि विचारलं, "अठरा दिवसांत काय झालं?" "लोकांशी बोलली, सर," एवढंच मी म्हटलं.

जाताना म्हणाले, एक वर्ष देतो. पण जूनमध्ये पहिल्या वर्षाला चाळीस प्रवेश झाले पाहिजेत. चाळीस म्हणजे चाळीस. इंग्रजीच्या जागेचंही बघतो म्हणाले. बघू.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मागच्या जूनमध्ये किती प्रवेश झाले होते ते आज ऑफिसात विचारलं. चोवीस.

८ मे, गुरुवार

बारावीचा निकाल लागला, आता घरोघर. आमची टोळी: मी, इसरू, प्रफुल, आणि लेकरासकट दीपिकाताई. इसरू सुटीत गावी गेलाच नाही, यासाठी थांबलाय. सकाळी सकाळी निघायचं, कारण तेंदूपत्त्यासाठी लोक पहाटेच जंगलात जातात आणि दहाला पत्ता घेऊन परततात. अंगणात बसून पानांचे पुडे बांधतात. आपणही बसायचं, पुडा बांधायला लागायचं, मग बोलायचं. हे दीपिकाताईनं शिकवलं. माझा पुडा सारखा सुटतो!

१३ मे, मंगळवार

एका घरी म्हणाले, "पोरगी शिकून काय करन?" दीपिकाताईनं लेकरू त्या बाईच्या मांडीवर दिलं, पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचत बसली. दहा मिनिटं. मग ती बाईच म्हणाली, "फारम कुठी भेटते?"

घरी आल्यावर हे सगळं आईला रंगवून सांगितलं. आई तेंदूची पानं मोजता मोजता ऐकत होती. "असं म्हणे का ते? मग?" — रोज विचारते, आज कुठं गेलात, कोण काय बोललं. ऐकायला आवडतं तिला.

२७ मे, मंगळवार

ऊन! प्रफुलला चक्कर आली. मटक्याचं पाणी आणि कांदा. संध्याकाळी पुन्हा हजर.

१२ जून, गुरुवार

एकोणतीस अर्ज. इसरू दोन दिवसांसाठी गावाकडे गेला होता, तिकडून तिघांना घेऊन आला. एक मुलगी आहे त्यांत. तिच्याशी मी पहिल्याच दिवशी बोलले. सहा महिने थांबले नाही. दोन शब्द पाठ करून गेले होते, दोन्ही चुकले. ती इतकी हसली!

२० जून, शुक्रवार

त्रेचाळीस! त्रेचाळीस झाले!! सर व्हरांड्यात उभे राहून नुसते चष्मा पुसत होते. सुगंधाबाईंनी गूळ-पोहे केले. ऑफिसात देवाजीभाऊंचा फोन आला — "चालू ठेवा." मी त्या एकशे एकोणीस कागदांचा गठ्ठा ऑफिसच्या कपाटात ठेवला. वर दोरी बांधली. फार आनंदात आहे आज. असं कॉलेजमुळे कधी वाटेल असं वाटलं नव्हतं.

२१ जून, शनिवार

नव्या पोरांची यादी आज लागली. इसरूनं आणलेली मुलगी शोधत होते. सव्विसावं नाव वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. केसरबाई गुणवंतराव भोयर. गुणवंतराव माझे बाबा. केसरबाई माझी आई.

बारावी पास आहे ती. बावीस वर्षं झाली. मार्कशीट लग्नाच्या साडीच्या घडीत होती; ती घेऊन एकटीच ऑफिसात अर्ज देऊन आली. मला माहीत नव्हतं. विसाव्या वर्षी मला हे माहीत नव्हतं!

"आई, मले काऊन नाई सांगितलं?"

"तू गावभरच्या अंगणात जाऊन विचारून राह्यली होती, येता का म्हणून," — आई हसत होती, डोळे भरलेले — "मी वाट पाहत होती, आपल्या अंगणात कधी विचारते."