हात तयार होता

माय, तुझी नात पुण्याहून एक जपानी खेळ घेऊन आली आहे. हाडासारख्या पांढऱ्या सोंगट्या, काहींवर बांबू, काहींवर गोल, काहींवर त्यांची अक्षरं. चौघांनी बसायचं, भिंतीसारख्या रचलेल्या सोंगट्यांतून एक उचलायची, एक टाकायची आणि जुळणी करत जायची. जुळायला एकच सोंगटी उरली की हात, म्हणजे हातातली जुळणी, तयार. तेव्हा समोर एक काडी ठेवून मोठ्याने ‘रीची’ म्हणता येतं. म्हटलं तर जिंकल्यावर गुण जास्त, पण मग हातातलं काही बदलता येत नाही आणि बाकीचे सावध होतात. न बोलताही त्या शेवटच्या सोंगटीसाठी थांबता येतं. लेकीने पहिल्यांदा काडी ठेवली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझीच पोर, सगळ्यांसमोर सांगते की मी तयार आहे, आता होईल ते होईल.

मला तू दिसलीस. बदनापूरजवळच्या कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर, दुपार कलताना, एवढ्या कळ्यांतून उद्या उमलणारी तेवढी बोटांनी ओळखतेस. ती सोलून आतले पुंकेसर काढतेस, वर लाल कागद लावतेस. सकाळी त्या खुणेवर दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. कागद लावला की मागे वळून बघायची नाहीस. तुला एक अक्षर येत नव्हतं, आणि कळीचा उद्या तुला आजच दिसायचा. कसा, ते मला अजून उमगलेलं नाही. अक्षरं बसायच्या आधीच शाळा कायमची सुटून मी तुझ्या हाताखाली आले तेव्हा एक टपोरी कळी आणखी भरू दे म्हणून सोडली. सकाळी ती आपली आपण उमलून वाया गेली होती. “वाट पाहून राह्यली व्हय? कळी थांबती का तुह्यासाठी?” तू म्हणालीस.

परवा माझा हात तयार झाला आणि मी गप्प राहिले. अजून चांगला करू म्हटलं. भिंत संपली, डाव कुणाचाच झाला नाही. हात उघडला तर लेक ओरडली, “मम्मी, कधीचा तयार होता! बोलली का न्हाईस?” शेजारची सून म्हणाली, “काकू, हात हाय का लोनचं, मुरवत बसलात?” सगळे हसले, मीही हसले.

तुझे जावई गेल्यावर मी दुकानांच्या पाट्यांवरून, खताच्या पिशव्यांवरून वाचायला शिकले. तुला सांगितलं नाही. “तुही शाळा म्या तोडली,” म्हणत तू पदर डोळ्याला लावायचीस, तेव्हाही नाही. जोडाक्षरांत अडखळत होते. एक अख्खं पुस्तक न अडखळता तुला वाचून दाखवू, तेव्हाच कळू दे, असं मनात होतं.

तुझ्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्याच्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट करून तू म्हणालीस, “काय लिव्हलंय गं? इचार कोनाला.” मी दारापर्यंत गेले, परत आले. “भेटायची येळ चार ते सहा, म्हनतेत.”

“मंग हाय की अजून येळ,” म्हणालीस आणि डोळे मिटलेस.

आता पुस्तकं वाचते. हे पत्रही माझ्याच अक्षरात आहे, पाठवायला मात्र ठिकाण नाही. दाराशी कुणी नव्हतं, माय. पाटी मीच वाचली होती.