स्लाइड कोणी कापली?

प्रिय शांतवनमामा,

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय, कारण मंगळवारपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. जेवता जेवता उठते, पेपर उघडते, मिटते. भाची म्हणाली, "मावशी, बीपीची गोळी घेतलीस का?" गोळीचा काय संबंध! मला भांडायचंय, आणि कुणाशी भांडू तेच कळत नाही.

आपल्या हॉस्पिटलात स्कॅनर आलाय. आपल्या काळातल्या काचेच्या स्लाइड्स एकेक करून त्यात जातात आणि मोठ्या पडद्यावर उघडतात. मायक्रोस्कोपला डोळा लावायला नको, मान अवघडायला नको. पुण्यातला डॉक्टर घरी बसून तीच स्लाइड बघतो. मी नाक मुरडायच्या तयारीनं गेले होते, खोटं कशाला बोलू? पण बघतच राहिले. एकेक पेशी ताटात वाढल्यासारखी समोर! तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लई झ्याक हाय, बाई."

मंगळवारी मला बोलावलं होतं जुन्या केसेस ओळखायला. माझ्या जागेवर आता डॉ. ऋचा पॅथॉलॉजिस्ट आहे. ती म्हणाली, "मॅडम, हल्लीच्या स्लाइड्स यंत्र सारखं परत पाठवतं. कापाला घडी पडलेली असते, नाहीतर कुठं जाड, कुठं पातळ. तुमच्या जुन्या मात्र एका दमात जातात. कोणी कापल्या हो?"

कोणी कापल्या! मेणात बसवलेल्या गाठीचा पापुद्र्याएवढा काप काढून काचेवर घेताना तुम्ही भर मे महिन्यात पंखा बंद करायचात. श्वाससुद्धा जपून घ्यायचात. मी दार उघडलं की ओरडायचात, "दार लावा बाई, उडंल ना समदं!" त्या हॉस्पिटलात माझ्यावर ओरडायची हिंमत दुसऱ्या कुणाची होती?

मी तुमचं नाव सांगणार, तेवढ्यात पडद्यावर लक्ष गेलं. प्रत्येक चित्राखाली निदान करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं, आणि शेजारी दुसरा रकाना, 'स्लाइड तयार करणारा'. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'अज्ञात'. दुसरी उघडली. अज्ञात. तिसरी. अज्ञात!

अशी भडकले मी! तशीच मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले. म्हटलं, "सव्वीस वर्षं एक माणूस इथं उभा राहून स्लाइड्स कापत होता, आणि तो अज्ञात?"

मॅनेजर शांतपणे म्हणाला, "मॅडम, आम्ही रिपोर्टवरून नावं भरली. रिपोर्टवर फक्त तुमची सही आहे."

फक्त माझी सही. माझी, मामा! विश्वास बसतो का?

जन्मभर मी कशावरून धुसफुसले? लोक मला डॉक्टर समजत नाहीत, यावरून. माझी नणंद पाहुण्यांना सांगायची, "ही रक्त-लघवी तपासते." मिरजगावच्या त्या बाईची गाठ साधी आहे, कॅन्सर नाही, हे सांगितलं मी, आणि तिचा नवरा पेढे घेऊन गेला सर्जनकडे. तुम्ही म्हणालात, "पेढं दारावरनंच गेलं, बाई. वास घ्या, तेवढाच आपला." मला हसू आलं नाही. निदान कोण करतं हे लोकांना कळलं पाहिजे, असं दोन पानी इंग्रजी पत्र मी वरिष्ठांना लिहिलं. ते नेऊन कुणी दिलं? तुम्हीच.

त्याच सुमारास रिपोर्टचे नवे कागद छापायला जाणार होते. तुम्ही हात पुसत माझ्या टेबलापाशी आलात. "बाई, खाली माजं नाव बारीक अक्षरात घातलं तर चालंल का? कोल्हारला चर्चमधी मी सांगतो काय काम करतो ते. कुनाला खरंच वाटत न्हाई."

आणि मी काय म्हणाले? "रिपोर्ट आहे मामा, लग्नपत्रिका नाही."

तुम्ही हसलात. "व्हय, बरोबर हाय," म्हणून परत कामाला लागलात. का नाही भांडलात? दारासाठी भांडायचात, वाऱ्यासाठी भांडायचात, नावासाठी एकदासुद्धा नाही? हा राग आहे माझा तुमच्यावर. पण तुम्ही भांडला असतात तरी मी ऐकलं असतं का?

ऋचानं तुमचं नाव संगणकात शोधलं. हजारो नोंदींमध्ये एकदाच सापडलं. तुमच्या मानेतल्या गाठीची स्लाइड. रुग्णाच्या जागी तुमचं नाव. तयार करणारा, अज्ञात.

तीही तुम्हीच कापली होती. फॉर्म पालथा ठेवून स्लाइड माझ्यापुढे सरकवलीत आणि खिडकीशी जाऊन उभे राहिलात. मी बघून म्हटलं, "वाईट आहे हो. कुणाची?" तुम्ही वळला नाहीत. "काप नीट पडलाय ना, बाई?" एवढंच विचारलंत. मी फॉर्म उलटला, आणि मग उत्तर द्यायचं राहूनच गेलं. नीट पडला होता, मामा. एकही घडी नव्हती.

महिनाअखेरीला या नोंदी कायमच्या बंद होणार आहेत. मॅनेजरला लेखी पुरावा हवाय. दिलाय मी, आज सकाळी, मराठीत, सहीनिशी. पहिलं वाक्य, या स्लाइड्स कोणी कापल्या. दुसरं वाक्य, त्यांनी रिपोर्टवर नाव मागितलं होतं आणि मी नाही म्हटलं. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या वाक्याची गरज नाही." गरज नाही कशी? कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला चूक केल्यावर बाकामागे लपू द्यायच्या नाहीत. सगळ्या वर्गासमोर उभं राहून सांगायला लावायच्या.

शनिवारी डॉक्टरांची बैठक आहे. ते पेढेवाले सर्जनही येतील. मी उभी राहून दोन्ही वाक्यं वाचणार. कुणाला हसायचं त्यानं हसावं. आणि त्या रकान्यात तुमचं पूर्ण नाव, आडनावासकट, चढेपर्यंत मी ऋचाच्या शेजारची खुर्ची सोडणार नाही. हा शब्द देते. तुम्ही मागितलं होतंत बारीक अक्षरात, पण संगणकाला अक्षराचा एकच आकार येतो म्हणे. तुमचं आणि माझं नाव सारखंच दिसेल.

तुमची,
प्रभाबाई