क्रियापदाचं शेपूट

९ जानेवारी १९९४, केटी बंदर
टेपरेकॉर्डर पोचला धड, नशीब! जामशोरो विद्यापीठातल्या सरांचं म्हणणं, सिंधीच्या लाडी बोलीची क्रियापदं तुझ्या घरच्याइतकी अस्सल कुठे मिळणार? बाबा जाळं विणत होते. म्हणाले, "शिकून मोठी झालीस, आणि आता बापाची जीभ तपासायला आलीस होय?"

१० जानेवारी
बाबा रंगात! मी, त्याला, मारलं — तिन्ही एकाच क्रियापदात, मागे शेपूट जोडून. मार खाणारा बाप्या की बाई, तेही मधल्या स्वरावरून कळतं. म्हटलं, आता 'मी तिला मारलं' म्हणा. अम्माकडे बघत म्हणाले, "हे नको बाई, ही खरं धरून बसेल!" चुलीपाशी अम्मा हसली. किती वर्षांनी!

१२ जानेवारी
यादीत पुढचं क्रियापद 'सोडणे'.
"छडियोमांस." मी सोडला त्याला.
म्हटलं, आता 'तिला'. बाबा पुढे गेलेच नाहीत. पुन्हा, "छडियोमांस." हातातली सुई थांबलेली. तिसऱ्यांदाही तेच — पण आता ते मला सांगत नव्हते.
टेप बंद केला.
खमीसो. माझा भाऊ. नऊ वर्षांचा होता, खाडीत गेला. मी तीनची. मला काही आठवत नाही. घरात आजवर एकच वाक्य — लाटेनं नेला. त्यात बाबा कुठेच नव्हते.

१३ जानेवारी
पोटच्या पोराला सोडला? दिवसभर त्यांच्याकडे बघवेना. अम्माला विचारलं. पल्ला माशाचे काटे काढत होती, मान वर न करता म्हणाली, "तू जा जामशोरोला. यंत्रही ने."

१५ जानेवारी
सरांना पत्र लिहिलं — 'सोडणे'ची रूपं मिळाली नाहीत. खोटं.

१६ जानेवारी
सकाळी बाबा स्वतःच समोर येऊन बसले. "लाव तुझं यंत्र."
होडी उलटली होती. बाबांचा एक हात होडीच्या कडेला, दुसरा एकच मोकळा. खमीसो ओरडला, "बाबा, मला येतं पोहायला!"
"छडियोमांस," बाबा म्हणाले. मग दुसरं क्रियापद, अगदी हळू. धरली मी तिला. स्त्रीलिंगी.

त्या दिवशी मी होडीत होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.